प्रेमाबाईंचा हिरव्याचा नियम

कामरगावात केशरीचंद किराणावाल्यांच्या घरात शिरायला दोन वाटा आहेत. एक रस्त्याकडून, दुकानातून. तिथे मिठाची पोती, तेलाचे डबे, गिऱ्हाइकांच्या चपला आणि गल्ल्यामागे स्वतः केशरीचंद. हे सगळं ओलांडलं की माणूस घरात येतो, आणि सगळं जग तिकडूनच येतं. दुसरी वाट मागची. मंदिराच्या बोळात एक लोखंडी फाटक आहे, फाटकाच्या आत आवार, आवारात विहीर, आणि विहिरीच्या पुढे स्वयंपाकघराचं दार. फाटकापासून दारापर्यंत बत्तीस पावलं. ही वाट शुद्ध कामाची. मंदिरात जायचं तर इकडून, विहिरीचं पाणी आणायचं तर इकडून, आणि साधू आले तर तेही इकडूनच; चपलांनी तुडवलेल्या दुकानातून त्यांना आणता येत नाही.

या आवारात पाच सुबाभळी आणि एक गुळवेल आहे. म्हणजे सुरुवात तेवढ्यावर झाली होती.

केशरीचंद पैशापाण्याला चोख माणूस, पण फुकटात रोप मिळतंय म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढे होई. चौऱ्याऐंशी साली कारंज्याला सरकारी बियाण्याची पुडकी वाटत होते. सुबाभूळ लावा, चारा होतो, सरपण होतं, जमीन सुधारते. केशरीचंदांनी पुडकं आणलं आणि विहिरीच्या कडेने टोचून टाकलं. घरात ना गाय ना म्हैस, पुढे चूलही गेली आणि गॅस आला. राहता राहिली जमीन सुधारायची. ती इतकी सुधारली की दर पावसाळ्यात तिच्यातून हजार सुबाभळी उगवू लागल्या. चपट्या शेंगा उन्हात तडकायच्या, बी उडायचं, आणि पहिल्या दोन सरींत अंगण हिरव्या टाचण्या टोचल्यासारखं दिसायचं.

गुळवेल कोरोनातली. मंगरूळपीरच्या कुणी व्यापाऱ्याने बोटभर कांडी कागदात गुंडाळून दिली होती. काढा प्या, ताप जवळ येणार नाही. गुळवेल कडुनिंबावर चढवलेली चांगली, असंही त्याने सांगितलं होतं. निंब आवारात नव्हता, म्हणून केशरीचंदांनी कांडी सुबाभळीच्या बुडाशी टाकली. काढा त्यांनी एकदाच प्यायला आणि मोरीत थुंकला. पण वेलीने आपलं काम सोडलं नाही. ती पाचही झाडांवरून फिरली, विहिरीच्या रहाटावर आली, आणि वरून सुतासारख्या मुळ्या सोडू लागली. त्या लोंबत लोंबत जमिनीला टेकल्या की तिथून नवी वेल.

"अमृतवेल म्हणतात तिले," केशरीचंद सांगायचे. "मरतच नाही."

"तिले मरायले तुमी सवड देता कुठी?" प्रेमाबाई म्हणायच्या.

तरी इतकी वर्षं निभलं, कारण दर ज्येष्ठात गोविंदा यायचा. गोविंदा गावातला कष्टकरी, पन्नाशीचा. झाडं छाटायची, विहिरीचा गाळ काढायचा, हीच त्याची कामं. तो दोन दिवस कोयता चालवायचा, रोपटी उपटून ढीग घालायचा, आणि वर्षभर सुबाभूळ आणि माणसं एकमेकांना सांभाळून राहायची.

प्रेमाबाई एकोणसत्तर वर्षांच्या. माहेर जऊळक्याचं, लग्न होऊन आल्या तेव्हा वीस वर्षांच्या. सासू कडक. पाणी कसं गाळायचं हे सासूने त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं. जाड, दुहेरी कापडातून विहिरीचं पाणी गाळायचं, आणि कापडावर जे सूक्ष्म जीव राहिले असतील ते त्याच विहिरीच्या पाण्यात अलगद परत सोडायचे. नळाच्या पाण्याला हे करता येत नाही, कारण नळात जीव परत कुठे सोडणार? म्हणून साधूंच्या आहाराला, म्हणजे दिवसातून एकदा ओंजळीत घेतलेल्या जेवणाला, विहिरीचंच पाणी लागतं. गावातल्या सात जैन घरांपैकी घरची विहीर उरलेलं घर आता केशरीचंदांचंच होतं. बाकीचे मंदिराच्या विहिरीचं पाणी नेत.

एकोणपन्नास वर्षांत या घरात मुनींचा आहार एकदाच झाला होता. तेव्हा प्रेमाबाई नव्या सून होत्या आणि त्या चार दिवसांत त्या बाहेर बसलेल्या होत्या. मागच्या खोलीत भिंतीला कान लावून त्यांनी सगळं ऐकलं. सासूचा कापरा आवाज, भांड्यांचा हलका नाद, ओंजळीत पाणी ओतल्याचा आवाज. त्यानंतर गावातून साधू गेले, पण एका रात्रीच्या मुक्कामापुरते. दुसऱ्यांच्या घरी जाऊन प्रेमाबाईंनी कधीमधी साधूंच्या ओंजळीत घास ठेवलाही होता. पण ते म्हणजे शेजारच्या लग्नात पंगत वाढल्यासारखं. आपल्या हातचं रांधलेलं, आपल्या विहिरीचं पाणी, आपल्या उंबऱ्याच्या आत; हे राहून गेलं होतं. आणि हे असं मागणं आहे की कुणाकडे मागताच येत नाही. साधू आमंत्रणाने येत नाहीत. ते सकाळी दहाच्या सुमारास निघतात, मनात काहीतरी खूण धरतात, ती कुणाला सांगत नाहीत. घरोघरी लोक शुद्ध कपड्यांत, हातात कलश किंवा नारळ घेऊन दारात उभे असतात. जिथे खूण पटेल तिथे ते थांबतात. आपण फक्त तयार असायचं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात बातमी आली की दोन आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला कामरगावात राहणार. सात घरांचं गाव, आणि चार महिने माताजी! प्रेमाबाईंनी त्याच दिवशी स्वयंपाकघरातले डबे खाली काढले. भिंतींना चुना झाला, रहाटाला नवा दोर आला, पितळी भांडी चिंचेने घासून झाली. राहिलं आवार.

गोविंदाला निरोप गेला. तो सायकल टेकवून फाटकाशी उभा राहिला. "काकू, पेरणीचे दिवस आहेत. सगळे मलेच बोलावून राह्यले. चौदसीच्या दुसऱ्या दिवशी येतो. पक्कं."

"साफ तोड बरं, गोविंदा. वेल बुडापासून काढ. माताजींची वाट आहे ती."

"माताजींसाठी रस्ता करून देतो ना गुळगुळीत. ॲम्बेसिडर जाईन असा."

"त्या पायी चालतात."

"मंग तं आणखीनच सोपं."

आषाढ शुद्ध चतुर्दशीला मंदिरात चातुर्मासाची स्थापना झाली. सातही घरचे लोक आणि कारंज्याहून आलेले पाहुणे दाटीवाटीने बसले होते. मोठ्या माताजी हिंदीत बोलत, आवाज मऊ आणि डोळे सरळ. त्यांनी सांगितलं, चार महिन्यांसाठी प्रत्येकाने काहीतरी सोडावं. मग एकेक उठू लागला. कुणी हॉटेल सोडलं, कुणी रात्रीचं खाणं सोडलं. शेजारच्या घरची नवी सून खुशबू हिने दुपारी दोन ते चार मोबाईल सोडला, तेव्हा सगळे हसले आणि माताजीही हसल्या.

प्रेमाबाईंची पाळी आली आणि त्यांच्यापुढे अडचण उभी राहिली. रात्रीचं जेवण त्यांनी लग्नाआधीच सोडलं होतं. कांदा-बटाटा कधी खाल्लाच नव्हता. हॉटेल त्यांनी आतून पाहिलं नव्हतं आणि मोबाईलचा त्यांना रागच यायचा. सोडायला काही उरलं नव्हतं. शंभर डोळे आपल्याकडे लागलेत असं त्यांना वाटलं, आणि तोंडातून निघून गेलं, "माताजी, चार महिने मैं हरी नहीं तोडूंगी."

हिरवं तोडणार नाही. पान, फांदी, गवत, काही नाही. सभेत 'वा' उमटली.

माताजींनी विचारलं, "कृत से? या कारित और अनुमोदना से भी?"

कृत म्हणजे स्वतः करणं. कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवणं. अनुमोदना म्हणजे कुणी केलं तर मनात बरं वाटणं. नुसतं 'कृत से' म्हटलं असतं तर पुरे झालं असतं. पण बाजूची बाई कौतुकाने पाहत होती, आणि इतक्या वर्षांत प्रेमाबाईंचं कौतुक असं भर सभेत कुणी केलं नव्हतं.

"तीनों से," त्या म्हणाल्या.

माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला. नियम बांधला गेला. बसता बसता प्रेमाबाईंना आवार आठवलं, पण त्यांनी स्वतःची समजूत घातली. गोविंदाला तर आपण आधीच सांगितलंय. तो नियमाच्या आधीचा शब्द. उद्या तो येईल, तोडून जाईल, आपण काही बोलायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी गोविंदा खरंच आला. कोयता धार लावून, डोक्याला फडकं बांधून. फाटकात उभा राहून त्याने विचारलं, कारण तो दर वर्षी विचारायचाच, "काकू, कुठून सुरू करू?"

प्रेमाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"विहिरीकडून करू का फाटकाकडून?"

प्रेमाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"का आज नको?"

'नको' म्हणायला हरकत नव्हती. पण तेही त्यांच्याने म्हणवेना. गोविंदाने दुकानाच्या दिशेने हाक मारली. "ओ शेठ! काकूची वाचा गेली का काय हो?"

केशरीचंद हात पुसत मागे आले. "वाचा नाही गेली. वाचा बांधली. काल सभेत." आणि त्यांनी गोविंदाला सगळं समजावून सांगितलं. गोविंदाने लक्ष देऊन ऐकलं, डोक्यावरचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"मंग असं करतो," तो म्हणाला, "तुमी दोघंही आत जा. मी तुमाले न विचारता तोडून टाकतो. पाप माह्यं."

केशरीचंद बायकोकडे वळले. आयुष्यभर त्यांनी तिच्या उपास-नियमांची थट्टाच केली होती, पण आज थट्टा नव्हती. "खरं सांग. त्यानं तोडलं तर तुले मनात बरं वाटन का नाही?"

प्रेमाबाईंनी कोयत्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नसे.

"वाटन," त्या म्हणाल्या.

"मंग झालं. जा गोविंदा."

"शेठ, चार महिन्यात जंगल होईन इथं. झाड काही नियम पाळत नाही."

"माह्या अंगावर काहून येतो? बियाणं मी फुकट आणलं तेव्हा तू शेंबडा होता. जा, दिवाळीनंतर ये."

गोविंदा गेला. प्रेमाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी तरी तोडायचं होतं. तुमचा काही नियम नाही."

"हे बोलली ना, हेच कारित," केशरीचंद म्हणाले. "तुह्या नियमाच्या आड मी नाही येणार. मले शिव्या दे, पण मले हे सांगू नको."

प्रेमाबाई कपाळावर हात मारून आत गेल्या. जन्मभर ऐकलं नाही, आणि आता ऐकायला बसले ते असे.

एक वाट उरली होती. माताजींना सांगून नियम सोडवून घ्यायचा, त्या देतील ते प्रायश्चित्त करायचं. तसं करता येतं. आठ दिवस मनाशी घोळवून प्रेमाबाई दुपारच्या प्रवचनाला जरा लवकर गेल्या. पण बायका आधीच जमल्या होत्या. त्यांना दारात पाहून माताजी म्हणाल्या, "ये देखो, प्रेमाबाई. सत्तर की उमर में तीनों से नियम. और तुम लोग दो घंटे मोबाईल नहीं छोड सकती." खुशबूने जीभ चावली. सगळ्या बायकांनी वळून प्रेमाबाईंकडे पाहिलं. त्या मागच्या भिंतीशी जाऊन बसल्या आणि प्रवचन संपेपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

मग पाऊस लागला, आणि त्या वर्षी चांगला लागला.

सुबाभळींनी आधी आकाश घेतलं. मग वेलीने सुबाभळी घेतल्या. बदामाच्या आकाराची पानं तळहाताएवढी झाली. मुळ्यांचे दोरे विहिरीच्या तोंडावरून आत लोंबू लागले. प्रेमाबाईंनी तोडल्याशिवाय जे जे करता येतं ते ते केलं. वेलीचे शेंडे अलगद उचलून त्या दोरीवर घालत, एकेक मुळी विहिरीच्या काठावर उचलून ठेवत, पोर झोपेत उचलावं तशी. वळवणं म्हणजे तोडणं नव्हे. पिवळं पान त्या उचलत, हिरवं राहू देत. अर्धं पिवळं, अर्धं हिरवं असलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहत. विहिरीच्या पाण्यावर पडलेली पानं जाळीने काढून गाळणं रोज तीनदा होऊ लागलं, आणि पाणी त्यांनी नितळ राखलं. त्यात त्या हरल्या नाहीत.

हरल्या त्या वाटेवर. बत्तीस पावलांच्या वाटेवर टाचण्या उगवल्या, टाचण्यांना दोन पानं आली, दोनाची चार झाली. दर वर्षी येण्याजाण्याने ही रोपं मरायची. पण पायाखाली हिरवं चिरडणं हेही तोडणंच, असा विचार प्रेमाबाईंच्या मनात आला, आणि त्या मंदिरात दुकानातून वळसा घालून जाऊ लागल्या. पाण्याला जाताना भिंतीच्या कडेने, दगडांवर पाय देत. चालणं थांबलं आणि वाट बुजली. हे आपल्याच हाताने झालं, हे त्यांच्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. तोवर रोपं वीतभर उंच होती.

श्रावणातल्या एका दुपारी शेजारच्या सुंदरबाईची बकरी कुंपणाच्या फटीतून आत आली. सुबाभळीचा पाला म्हणजे बकरीची मेजवानी. ती फाटकापासून सुरू झाली आणि शिस्तीत पुढे सरकू लागली. कुरकुर, कुरकुर. प्रेमाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. बकरीने पाव तासात सहा पावलांची वाट मोकळी केली. अशीच दारापर्यंत आली तर! त्यांच्या छातीत काहीतरी उमललं, ओठांवर हसू आलं, आणि ते हसू त्यांना स्वतःलाच कळलं. ही अनुमोदना. दुसरं काही नाही, हीच.

त्या उठल्या आणि भिंतीच्या कडेने जाऊन बकरीला हाकलू लागल्या. बकरी जाईना. कुंपणावरून सुंदरबाईचं डोकं वर आलं.

"काहून हाकलता व काकू माह्या बकरीले? पालाच तं खाऊन राह्यली. काय, तुमच्या जैनाच्या पाल्याले बी उपास आहे का?"

"उपास मले आहे, सुंदर. ने तिले."

"तुमाले उपास आन् भुकी राहिन माही बकरी! लय झालं बाप्पा." मग प्रेमाबाईंचे डोळे पाहून सुंदरबाईचा आवाज उतरला. "बरं, बरं. रडता कायले? नेतो मी."

सहा पावलं मोकळी झालेली जागा आठ दिवसांत पुन्हा भरली. खालून कुरतडलेल्या प्रत्येक खुंटाला तीन-तीन फुटवे.

इकडे माताजींचा आहार रोज होत होता. आज या घरी, उद्या त्या घरी. प्रेमाबाई रोज पहाटे उठून, न्हाऊन, शुद्ध साडी नेसून रांधत. साडेनऊला फाटकाबाहेर बोळात उभ्या राहत. सोबत केशरीचंद, धोतर-उपरण्यात. दुकान त्या वेळेला बंद. हेही चाळीस वर्षांत झालं नव्हतं. माताजी समोरून येत, नजर चार हात पुढच्या जमिनीवर, आणि पुढे निघून जात. कधी बोळाच्या तोंडावरूनच वळत. श्रावण गेला, भाद्रपद गेला. सात घरांपैकी सहा घरी आहार झाला होता. कुणाकडे तीनदा, कुणाकडे पाचदा.

"आपली खूण जमून नाही राह्यली," केशरीचंद एकदा म्हणाले.

"खूण नाही. फाटकातून आत दिसते त्याईले," प्रेमाबाई म्हणाल्या.

साधू हिरव्यावर पाय ठेवत नाहीत. हे लहान पोरालाही माहीत असतं. प्रेमाबाईंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आश्विनात त्यांना एक युक्ती सुचली. घरात जेवणाचे लाकडी पाट होते, लांब फळ्या होत्या, दुकानातली एक जुनी मांडणी होती. रोपं जिथे विरळ होती तिथे विटा ठेवायच्या, आणि विटांवरून फळ्या टाकायच्या. खालचं हिरवं खाली, पाय वर. दोघं म्हातारी माणसं तीन दिवस राबली. वीट ठेवायला जागा शोधायची तर प्रेमाबाई गुडघ्यावर बसून रोपं बाजूला वाकवत आणि केशरीचंद वीट सोडत.

"तिकडं, तिकडं. तिथं एक आहे बारीकसं."

"कुठी? मले दिसत नाही."

"तुमाले चौऱ्याऐंशी सालीही दिसलं नव्हतं."

केशरीचंद कंबर धरून इतके हसले की वीट हातातून सुटता सुटता राहिली. "पूल बांधून राह्यली तू. आता नदीचं नाव ठेव एखादं."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूल झाला. फाटकापासून दारापर्यंत. थोडा वाकडा, मध्ये दोन ठिकाणी वळणाचा, पण झाला. प्रेमाबाई त्याच्यावरून एकदा चालून गेल्या आणि परत आल्या. त्या वजनाने हलक्या. फळ्या नीट राहिल्या.

पुढच्याच सकाळी माताजी थांबल्या.

दहाला पाच कमी होते. प्रेमाबाईंच्या हातात कलश, त्यावर नारळ, केशरीचंदांच्या हातात दोन डाळिंबं. "हे माताजी, वंदामि, वंदामि, वंदामि, अत्र अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ तिष्ठ..." रोजचेच शब्द. आणि मोठ्या माताजी त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. उजव्या हाताची मूठ खांद्याशी टेकवलेली, नजर खाली. क्षणभर प्रेमाबाईंना पुढचे शब्दच आठवेनात. केशरीचंदांनी कोपराने ढोसलं. मग दोघांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. केशरीचंदांचा गुडघा तिसऱ्या फेरीला कुरकुरला. "मन शुद्धि, वचन शुद्धि, काय शुद्धि, आहार-जल शुद्ध है. माताजी, चौके में प्रवेश कीजिए."

फाटक उघडलं. माताजी आत आल्या. फळीसमोर त्या थांबल्या आणि फळीकडे पाहिलं, फळीच्या दोन्ही बाजूंनी वर आलेल्या कोवळ्या पाल्याकडे पाहिलं. पिच्छीने फळी हलकेच झाडली. मग एक पाय ठेवला.

फळी डुलली. फार नाही, बोटभर. रात्री पाऊस झाला होता आणि खालची वीट ओल्या मातीत एका बाजूने बसली होती.

माताजींनी पाय मागे घेतला. हलणाऱ्या लाकडावर त्या पाय देत नाहीत. खाली काय जीव असेल आणि दबेल, कोण जाणे. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. प्रेमाबाईंना वाटलं, आता भिंतीच्या कडेने येतील, दगड आहेत तिथे. पण दगडांवर वेल उतरली होती. गेल्या तीन दिवसांत, पूल बांधण्याच्या नादात, तिला उचलून दोरीवर घालायचं राहून गेलं होतं.

माताजी वळल्या. फाटकातून बाहेर पडल्या आणि पुढच्या घराकडे चालू लागल्या. तिथे खुशबू उभी होती, नुसता रिकामा कलश घेऊन. तिच्या सासऱ्याने आदल्या उन्हाळ्यात सगळं अंगण खणून सिमेंटच्या लादीने बंद केलं होतं. गवताची काडी नाही, पान नाही. "तिष्ठ तिष्ठ," खुशबूचा कोवळा आवाज आला, आणि मग प्रदक्षिणेची पावलं.

थोड्या वेळाने खुशबू दारात येऊन हाताने बोलावू लागली. काकू, या, घास द्या. प्रेमाबाईंनी मान हलवली. त्यांच्या दोन्ही हातांत कलश होता आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना समजत नव्हतं. केशरीचंदांनीच तो काढून घेतला.

घरात येऊन त्यांनी रांधलेलं सगळं नवऱ्याला वाढलं. केशरीचंद जेवले. आवाज न करता, मान खाली घालून, ताटात काही न टाकता. उठताना म्हणाले, "पाणी गोड आहे आज." मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, ते लगबगीने दुकान उघडायला गेले.

दुपारी प्रवचनाला जायची प्रेमाबाईंची इच्छा नव्हती, पण न जाण्याची सवयही नव्हती. सगळं संपल्यावर बायका दर्शनाला पुढे गेल्या, तशा त्याही गेल्या. वाकून "वंदामि" म्हणाल्या. माताजींनी पिच्छी उचलली आणि त्यांच्याकडे पाहून हसल्या. अगदी मनापासून.

"प्रेमाबाई, आपके आँगन में तो बहुत हरियाली है. कितने जीव बचा लिये आपने."

प्रेमाबाईंनी वर पाहिलं. या चेहऱ्यावर टोमणा असता तर त्यांना बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. माताजींना त्यांचा पूल ठाऊक नव्हता, गोविंदा ठाऊक नव्हता, भिंतीला लावलेला कान ठाऊक नव्हता. आणि हे सगळं सांगितलं तर ती नियमाची तक्रार झाली असती.

"हो माताजी," त्या म्हणाल्या.

"नियम अच्छा पल रहा है?"

"पल रहा है."

बाहेर आल्या तेव्हा उन्हं कलली होती. दोन महिन्यांच्या सवयीने त्यांनी खरं तर रस्त्याकडे वळायला हवं होतं. पण आज विचारात पाय बोळाने आले, आणि त्या आपल्या फाटकाशी उभ्या राहिल्या. पहिली फळी एका बाजूला कलली होती. तिच्या कडेला दोन रोपं वाकून पुन्हा उभी राहिली होती. दुसऱ्या फळीवर वेलीचा एक शेंडा चढून आला होता, टोकाला इवलंसं तांबूस पान.

स्वयंपाकघराच्या दारातून केशरीचंदांनी पाहिलं. "तिकडून काहून आली? दुकानातून ये ना."

प्रेमाबाईंनी साडी घोट्यापर्यंत उचलून धरली होती. एक पाय हवेत होता आणि नजर जमिनीवर फिरत होती.

"येतो," त्या म्हणाल्या. "पाय ठेवायले जागा पाहून राह्यली."